प्रजनन संस्थेचा मॉडेल संच: श्रोणीची दोन मॉडेलं घ्या, संप्रेरकांचा तक्ता दुकानातच राहू द्या

पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून टिळक रस्त्यापर्यंतच्या शालेय आणि प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानांत प्रजनन संस्थेचा हा संच मिळतो. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नसतं, दुकानाचाच शिक्का असतो. आत चार वस्तू असतात: स्त्रीच्या श्रोणीचा (कंबरेखालच्या हाडांच्या कड्यातल्या भागाचा) मधोमध घेतलेला उभा छेद, पुरुषाच्या श्रोणीचा तसाच छेद, अंडाशयाचं मोठं करून दाखवलेलं सपाट मॉडेल आणि संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) लॅमिनेट केलेला तक्ता. सोबत भागांच्या क्रमांकांची यादी. दहावीचं विज्ञान, बारावीचं जीवशास्त्र, नर्सिंगचं पहिलं वर्ष आणि मासिक पाळीवरच्या कार्यशाळा, या सगळ्यांना एकच संच चालेल असं काउंटरवर सांगितलं जातं.

आमचं मत आधीच सांगतो. श्रोणीची दोन्ही मॉडेलं चांगली आहेत, थोडी दुरुस्ती केली तर फार चांगली होतात. अंडाशयाचं मॉडेल समजावून सांगणारा माणूस शेजारी उभा असेल तरच उपयोगाचं. तक्ता मात्र वर्गात लावू नये. हा धडा बहुतेक शाळांत एकदाच, तोही घाईत शिकवला जातो. त्या तासाला डोळ्यांसमोर जे चित्र आलं तेच पुढे पाळीच्या तक्रारीत, गर्भधारणेच्या वेळी, दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसताना मनात असतं. म्हणून चुका कुठे आहेत आणि घरच्या घरी त्या कशा सुधारायच्या, ते तपशिलात लिहीत आहोत.

स्त्रीची श्रोणी

या मॉडेलचं सगळ्यात मोठं यश म्हणजे गर्भाशयाचा कल. पुस्तकातल्या समोरून काढलेल्या आकृतीत गर्भाशय सरळ उभं दिसतं आणि मुलं तेच धरून चालतात. इथे ते पुढे झुकून मूत्राशयावर रेललेलं आहे, योनीशी जवळजवळ काटकोन करून. बहुतेक स्त्रियांमध्ये तसंच असतं. सुमारे पाचातल्या एकीचं गर्भाशय मागे झुकलेलं असतं आणि तोही दोष नाही, नैसर्गिक फरक आहे. सोनोग्राफीच्या अहवालात ‘रिट्रोव्हर्टेड’ हा शब्द वाचून घाबरणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. मॉडेल हातात असेल तर ही गोष्ट अर्ध्या मिनिटात समजावता येते.

दुकानात जाताना शिवणकामाची टेप खिशात ठेवा. संचाचं वर्णन ‘लाइफ साइझ’ असं असतं, ते मोजूनच मान्य करावं. बाळंतपण न झालेल्या प्रौढ स्त्रीचं गर्भाशय साधारण ७.५ सेंमी लांब, वरच्या बाजूला ५ सेंमी रुंद आणि २.५ सेंमी जाड असतं. अंडाशय सुमारे ३ सेंमी लांब. अंडवाहिनी १० ते १२ सेंमी. मूत्रमार्ग अवघा ४ सेंमी. स्त्रियांना लघवीचा जंतुसंसर्ग जास्त का होतो, याचं निम्मं उत्तर या ४ सेंमीत आहे, आणि मूत्रमार्गाचं तोंड योनी आणि गुदद्वाराच्या किती जवळ आहे ते पाहिलं की उरलेलं उत्तर मिळतं. या संचातलं गर्भाशय आणि मूत्रमार्ग मापात बसतात. अंडाशय थोडं मोठं आहे, ते चालून जाईल.

योनीची मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा लांब असते, पुढची ७.५ सेंमीच्या आसपास आणि मागची ९ सेंमीच्या. गर्भाशयमुख पुढच्या भिंतीत वरून कललेलं शिरतं म्हणून हा फरक पडतो. मॉडेलमध्ये तो नीट दाखवला आहे. गर्भाशय आणि मलाशय यांच्यामधली उदरपोकळीची सगळ्यात खालची खोलगट जागाही स्पष्ट दिसते. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना तिथे बोट ठेवायला जरूर सांगा. पोटात रक्त किंवा पू साठला तर तो आधी याच जागी उतरतो, आणि योनीच्या मागच्या कोपऱ्यापासून ही जागा अगदी पातळ पडद्याएवढ्या अंतरावर आहे.

आता चुका. पहिली आणि गंभीर चूक म्हणजे अंडवाहिनीचं टोक अंडाशयाला चिकटवलेलं आहे. साच्यातून काढताना टोकाच्या झालरीची नाजूक बोटं तुटू नयेत म्हणून कारखान्यात तसं करत असावेत, पण त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट पुसली जाते. अंडवाहिनी आणि अंडाशय यांना जोडणारी सलग नळी नसते. झालरीचं एखादंच बोट अंडाशयाला टेकलेलं असतं, बाकीचं तोंड उदरपोकळीत उघडं असतं. अंडाणू बाहेर पडतं तेव्हा झालर अंडाशयावर सरकून त्याला आत ओढून घेते. वाहिनीचं तोंड उघडं असल्यामुळेच योनीमार्गातला जंतुसंसर्ग गर्भाशय आणि वाहिनीतून थेट पोटात पोहोचू शकतो. पुरुषांत असा उघडा रस्ताच नाही. चिकटवलेलं टोक पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे कितीही सांगितलं तरी पटत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. पातळ पात्याच्या कटरने जोड हळूच मोकळा करा, बारीक पॉलिश पेपरने कडा घासा आणि अंडाशय मागच्या बाजूने त्याच्या बंधाला टिकून राहील एवढा भाग तसाच ठेवा. पीव्हीसीचं मॉडेल असेल तर हे जमतं. प्लास्टरचं असेल तर हात लावू नका, झालर तुटेल. त्याऐवजी जोडावर लाल रंगाची रेघ ओढून ‘इथे फट असते’ असं लिहा.

दुसरी उणीव: योनी पोकळ नळीसारखी उघडी दाखवली आहे. एरवी पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेली असते. योनीपटलही मार्ग पूर्ण झाकणाऱ्या पडद्यासारखं रंगवलं आहे, ते तर सरळ चूक आहे. ते कडेला असलेलं, मध्ये उघडं असणारं पातळ आवरण असतं, त्याचा आकार प्रत्येकीत वेगळा असतो. ते पूर्ण बंद असेल तर पाळीचं रक्त आत साठतं आणि शस्त्रक्रिया करावी लागते. चुकीच्या चित्रामुळे मुलींच्या आयुष्यात किती संशय आणि अन्याय येतो ते सगळ्यांना माहीत आहे. तो भाग रंगाने दुरुस्त केल्याशिवाय मॉडेल वर्गात नेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

तिसरी उणीव शिश्निकेची (क्लिटोरिसची). मॉडेलमध्ये बाहेर दिसणारा छोटा उंचवटा आहे, त्याला क्रमांकही दिलेला नाही. शिश्निकेचा बराचसा भाग आत असतो: मधला दांडा, जघनाच्या हाडांना धरून दोन्ही बाजूंना गेलेले दोन पाय आणि योनीमुखाच्या दोन्ही अंगांना असलेले दोन फुगीर भाग. ऑस्ट्रेलियातल्या मूत्रशल्यचिकित्सक हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ मध्ये शवविच्छेदनावर आधारलेला लेख प्रसिद्ध करून ही रचना नीट मांडली. मधोमध घेतलेल्या छेदात बाजूचे भाग दिसणार नाहीत, हे मान्य. पण दांडा तरी दिसायला हवा होता आणि यादीत नाव तर हवंच होतं. लाल पॉलिमर क्लेमध्ये हा अवयव वेगळा करून ठेवता येतो, त्यासाठी समोरून दिसणारी आकृती शेजारी लावा.

मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी या मॉडेलमध्ये नाहीच. शाळेला तिची गरज नाही. नर्सिंगसाठी घेणार असाल तर मात्र ही मोठी त्रुटी आहे. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून फक्त दीड-दोन सेंमीवरून जाते, आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत तिला इजा होण्याचा धोका त्यामुळेच असतो. पिवळी आणि लाल वायर वापरून हे दोन मार्ग बाहेरून दाखवता येतात, लाल वर आणि पिवळी खाली.

पुरुषाची श्रोणी

हे मॉडेल स्त्रीच्या मॉडेलपेक्षा सरस आहे. शुक्रवाहिनीचा मार्ग पूर्ण दाखवला आहे, आणि तोच या मॉडेलचा जीव आहे. वृषणाच्या मागून निघून ती वर जाते, जांघेतल्या नलिकेतून पोटात शिरते, मूत्रवाहिनीवरून वळसा घेऊन मूत्राशयाच्या मागे उतरते, तिथे शुक्राशयाच्या नळीशी मिळून स्खलनवाहिनी होते आणि प्रोस्टेट ग्रंथीमधून मूत्रमार्गात उघडते. हा वळसा पाहिला की वृषण गर्भावस्थेत पोटात तयार होऊन खाली उतरतं, येताना आपली वाहिनी आणि रक्तवाहिन्या सोबत आणतं, हे आपोआप कळतं. प्रत्यक्षात शुक्रवाहिनीची लांबी सुमारे ४५ सेंमी असते. मॉडेलमध्ये ती त्याहून आखूड आहे. टेपवर ४५ सेंमी सुतळी कापून ती या मार्गावरून फिरवून दाखवा.

अधिवृषण इथे वृषणावर बसवलेल्या गुळगुळीत गोळ्यासारखं आहे. ती प्रत्यक्षात एकच, प्रचंड गुंडाळलेली नळी असते, सरळ केली तर जवळपास ६ मीटर. शुक्राणू तिच्यातून जाताना पोहण्याची क्षमता मिळवतात. वृषणाच्या आत सुमारे २५० कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात १ ते ३ शुक्रजनक नलिका असतात, हे छेदात रेषांनी दाखवलं आहे, ते समाधानकारक आहे. ६ मीटर शिवणदोरा वर्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून मग बोटाभोवती गुंडाळला, की अधिवृषणाचं काम शब्दांशिवाय कळतं.

शुक्राशयाच्या बाबतीत मात्र सावध. संचाच्या यादीत त्याच्यापुढे ‘शुक्राणू साठवण’ असं लिहिलं आहे. हे चूक आहे. शुक्राणू अधिवृषणाच्या शेपटीकडच्या भागात साठतात. शुक्राशय ही ग्रंथी आहे, तिच्यातून फ्रुक्टोज असलेला द्रव येतो आणि वीर्याचा ६० ते ७० टक्के भाग तोच असतो. प्रोस्टेटचा वाटा २० ते ३० टक्के. शुक्राणूंचा वाटा काही टक्क्यांपुरता. नसबंदीनंतर वीर्य कमी होईल, मर्दानगी जाईल, ही भीती याच एका चुकीच्या ओळीतून पोसली जाते. नसबंदीत शुक्रवाहिनी कापून बांधतात, ती जागा या मॉडेलवर वृषणकोशाच्या वरच्या भागात दाखवता येते. द्रव बनवणाऱ्या ग्रंथी त्या जागेच्या कितीतरी पुढे आहेत, म्हणून वीर्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तर रक्तातून जातं, शुक्रवाहिनीतून जातच नाही. हेही सांगायला विसरू नका की कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून साधारण तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून खात्री होईपर्यंत दुसरं साधन वापरावं लागतं.

मूत्रमार्गाची दोन वळणं आणि १८ ते २० सेंमीची लांबी बरोबर आहे. कॅथेटर घालायला शिकणाऱ्यांना ही वळणं डोळ्यांनी पाहणं फार गरजेचं असतं: शिश्न वर उचललं की पुढचं वळण सरळ होतं, मागचं होत नाही. प्रोस्टेट मूत्रमार्गाला चारही बाजूंनी वेढून आहे हेही छान दिसतं, उतारवयात ती वाढली की लघवीची धार का बारीक होते ते इथेच समजतं.

डाव्या वृषणाची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि उजवी थेट महाशिरेला, म्हणून शिरा फुगण्याचा त्रास डाव्या बाजूला जास्त होतो. मॉडेल अर्धंच असल्याने हे त्यात येणार नाही, फळ्यावर काढावं.

अंडाशयाचं सपाट मॉडेल

दिसायला देखणं, रंग चांगले. काठाने गोल फिरत पुटिकेच्या (अंडाणू वाढवणाऱ्या इवल्या पिशवीच्या) सगळ्या अवस्था मांडल्या आहेत: अगदी लहान पुटिका, मग वाढणाऱ्या, मग द्रवाने भरलेली मोठी, मग फुटून अंडाणू बाहेर, मग पीतपिंड (फुटलेल्या पुटिकेपासून बनणारी ग्रंथी), शेवटी पांढरा व्रण. अडचण अशी की मुलांना वाटतं, एकच पुटिका अंडाशयात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालत जाते. पुटिका जागा सोडत नाही. या साऱ्या अवस्था एकाच दिवशी एकाच अंडाशयात एकत्र दिसतीलच असंही नाही, मोठी पिकलेली पुटिका आणि ताजं पीतपिंड तर एरवी शेजारी नसतंच. मॉडेलच्या काठावर चिकटपट्टीने दिवसांचे आकडे लावले की हा गैरसमज बराच कमी होतो.

संख्या सांगायच्या तर अशा सांगा. मुलगी आईच्या पोटात २० आठवड्यांची असताना तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख. वयात येताना ३ ते ४ लाख. संपूर्ण आयुष्यात अंडाणू बाहेर पडतात ते जेमतेम चारशेच्या घरात. बाकीच्या पुटिका विरून जातात, आणि हे विरणं पाळी सुरू होण्याआधीपासून, गर्भारपणात, गोळ्या घेत असतानाही चालूच असतं. मॉडेलवर विरणारी पुटिका दाखवलेली नाही, ही खरी उणीव. पिकलेली पुटिका फुटताना साधारण २ सेंमीची असते, म्हणजे ३ सेंमीच्या अंडाशयाचा मोठा भाग ती व्यापते. मॉडेलमध्ये ती फारच लहान वाटते.

संप्रेरकांचा तक्ता

इथे संच पूर्ण घसरतो. तक्त्यावर वर मेंदू, खाली अंडाशय, मध्ये बाण, आणि तळाशी २८ दिवसांचा आलेख आहे. रंग भडक, लॅमिनेशन पक्कं. मजकूर आणि रेषा मात्र जागोजागी चुकलेल्या.

आलेखात एफएसएच (पुटिका वाढवणारं) आणि एलएच (अंडाणू बाहेर पाडणारं) या पियुषिकेच्या, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीच्या, संप्रेरकांची शिखरं सारख्या उंचीची, १४ व्या दिवशी, आणि इस्ट्रोजेनचं शिखर त्यांच्या नंतर काढलेलं आहे. यात कारण आणि परिणाम उलटे झाले. वाढणारी पुटिका इस्ट्राडायॉल हे मुख्य इस्ट्रोजेन बनवते. रक्तातली त्याची पातळी मिलिलिटरला सुमारे २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन साधारण दोन दिवस टिकली, की एरवी पियुषिकेला आवर घालणारं हेच संप्रेरक तिला उलट चेतवतं आणि एलएचची लाट उठते. म्हणून इस्ट्राडायॉलचं शिखर एलएचच्या शिखराच्या साधारण एक दिवस आधीच यायला हवं. लाट सुरू झाल्यापासून ३४ ते ३६ तासांनी, आणि शिखरापासून १० ते १२ तासांनी अंडाणू बाहेर पडतं. एलएचचं शिखर एफएसएचच्या शिखरापेक्षा बरंच उंच असतं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन पट्ट्या लघवीत हेच एलएच ओळखतात. तक्त्यावरून शिकलेल्या मुलीला पट्टी गडद दिसली की अंडाणू आधीच बाहेर पडलं असं वाटेल, खरं तर पुढचा दीड दिवस महत्त्वाचा असतो.

दुसरी चूक, १४ वा दिवस. तक्ता म्हणतो की अंडोत्सर्ग, म्हणजे अंडाणू बाहेर पडणं, १४ व्या दिवशी होतो. २८ दिवसांच्या चक्रात साधारण तसं होतं, पण सगळ्यांचं चक्र २८ दिवसांचं नसतं. चक्राचा पहिला अर्धा भाग लांबतो किंवा आखूड होतो. अंडोत्सर्गानंतरचा भाग बऱ्यापैकी ठरलेला, १२ ते १४ दिवसांचा असतो, कारण गर्भ राहिला नाही तर पीतपिंडाचं आयुष्य तेवढंच. त्यामुळे ३५ दिवसांचं चक्र असलेल्या मुलीत अंडोत्सर्ग २१ व्या दिवसाच्या आसपास होतो. मोजणी पुढच्या पाळीपासून मागे करायची, मागच्या पाळीपासून पुढे नाही. ‘सुरक्षित दिवस’ मोजण्यात होणारी फसगत इथून सुरू होते, त्यात शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात हेही धरावं लागतं. अंडाणू मात्र १२ ते २४ तासच टिकतं. ‘२१ व्या दिवशीची प्रोजेस्टेरॉन तपासणी’ (पीतपिंडातून येणाऱ्या संप्रेरकाची) लॅबमध्ये सरसकट केली जाते तीही याच गैरसमजातून. ती तपासणी अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. ३५ दिवसांच्या चक्रात २१ व्या दिवशी रक्त दिलं तर आकडा कमी येणारच आणि अंडाणू बनत नाही असा निष्कर्ष फुकट निघेल. अंडोत्सर्ग झाल्याचं धरण्यासाठी साधारण मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमच्या वरचा आकडा पाहतात.

तिसरी उणीव म्हणजे इनहिबिन हा शब्दच तक्त्यावर नाही. त्याच्याशिवाय एकाच चक्रात बहुधा एकच पुटिका का पिकते हे सांगता येत नाही. पाळीच्या सुरुवातीला एफएसएच थोडं वाढतं, अनेक पुटिका वाढायला लागतात. त्यांच्यातून येणारं इस्ट्राडायॉल आणि इनहिबिन पियुषिकेकडे जाऊन एफएसएच खाली आणतात. ज्या पुटिकेत एफएसएचचे ग्राही (ते पकडणारे रेणू) सगळ्यात जास्त तयार झालेत तीच कमी झालेल्या एफएसएचवर तग धरते, बाकीच्या विरतात. तक्त्यावर एफएसएचची रेषा पहिल्या पंधरवड्यात सतत वर जाताना दाखवली आहे, म्हणजे निवडीची ही सगळी प्रक्रियाच नाहीशी झाली.

चौथी गोष्ट मेंदूतल्या हायपोथॅलॅमसची. तिथून पियुषिकेकडे एक जाड, सलग बाण आहे आणि त्यावर ‘जीएनआरएच’ लिहिलं आहे. पियुषिकेला एफएसएच-एलएच सोडायला लावणारं, दहा अमिनो आम्लांचं हे संप्रेरक झटक्याझटक्याने सुटतं, चक्राच्या पहिल्या भागात साधारण ६० ते ९० मिनिटांनी एकदा, नंतरच्या भागात तीन-चार तासांनी. ते सलग दिलं तर पियुषिका प्रतिसाद देणंच थांबवते आणि एफएसएच-एलएच खाली जातात. याच गुणाचा उपयोग करून प्रोस्टेटच्या कर्करोगात आणि एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या आजारात) इंजेक्शनं दिली जातात. या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि अँड्र्यू शॅली व रॉजर गिय्यमँ या शास्त्रज्ञांना १९७७ चं नोबेल मिळालं. सलग बाणाऐवजी तुटक रेघ काढली असती तरी पुरेसं होतं. बाण संपूर्ण पियुषिकेकडे नेला आहे; खरं तर तो फक्त तिच्या पुढच्या भागाकडे, तिथे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या मार्गे, जायला हवा. वाटाण्याएवढी ही ग्रंथी, पण तिच्या दोन भागांची कामं अगदी वेगळी आहेत. ऑक्सिटोसिन मागच्या भागातून सुटतं.

पुरुषांसाठी तक्त्याच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी दिली आहे: एलएच, मग टेस्टोस्टेरॉन, मग ‘पुरुषी लक्षणं’. एवढंच. वृषणातल्या लायडिग पेशींवर (टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या) एलएच आणि सर्टोली पेशींवर (शुक्राणूंना वाढवणाऱ्या) एफएसएच काम करतं, वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं आणि शुक्राणू बनायला ते लागतंच, हे सगळं गायब आहे. कॉलेजच्या मुलांसाठी हाच सगळ्यात कामाचा भाग. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली तर काय होतं? बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन पाहून पियुषिका एलएच आणि एफएसएच थांबवते, वृषणाच्या आतली पातळी कोसळते, वृषण आकसतात आणि शुक्राणूंची संख्या शून्यापर्यंत जाऊ शकते. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस आणि अधिवृषणातून बाहेर यायला आणखी दीड-दोन आठवडे लागतात. त्यामुळे आजच्या तपासणीत दिसतं ते तीन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचं फळ असतं, आणि इंजेक्शनं बंद केली तरी भरून यायला महिने जातात.

तक्ता स्वतः करायचा असेल तर मोठा आलेख कागद घ्या आणि आडव्या अक्षावर दिवस क्रमांक लिहू नका. मध्यभागी अंडोत्सर्गाचा शून्य ठेवा, डावीकडे उणे १४ पर्यंत आणि उजवीकडे अधिक १४ पर्यंत जा. मग मुलांना डावीकडची पट्टी कापून लांब-आखूड करायला द्या, उजवी तशीच राहू द्या. चारही रेषा एका कागदावर कोंबू नका, कारण त्यांची एककं वेगळी आहेत: वरच्या कागदावर एफएसएच आणि एलएच, मधल्या कागदावर इस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन, खाली गर्भाशयाच्या अस्तराची जाडी. अस्तर पाळीनंतर २ ते ४ मिमीपर्यंत असतं आणि उत्तरार्धात १० मिमीच्या पुढे जातं. प्रोजेस्टेरॉनचं शिखर अधिक ७ वर काढा. त्याच्या खाली अधिक ८ ते १० जवळ एक वेगळा रंग घेऊन एचसीजी दाखवा: गर्भ रुजला तर त्याच्याकडून येणारं हे संप्रेरक पीतपिंडाला जिवंत ठेवतं, प्रोजेस्टेरॉन पडत नाही, म्हणून पाळी येत नाही. हा एक फाटा दुकानातल्या तक्त्यावर नाही, आणि त्याविना पाळी चुकण्याचं कारण सांगताच येत नाही. तुलनेसाठी बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तकाची पीडीएफ मोफत उतरवून घ्या.

दुकानात तपासताना आणि नंतर सांभाळताना

खोकं उघडून दाखवायला सांगा, बंद खोकं घेऊ नका. मूत्राशय आणि गर्भाशयाचे अर्धे भाग लोहचुंबकाने बसतात की खिळ्यांनी ते पाहा. खिळ्यांची भोकं वर्षभरात सैल होतात, चुंबक टिकतात. क्रमांक छापलेले असतील तर उत्तम, चिकटवलेले असतील तर घरी आल्याबरोबर त्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ते सुटतात. यादी इंग्रजीत असते, मराठीत स्वतः टाइप करून घ्या आणि त्याच वेळी शुक्राशयाची ओळ दुरुस्त करा, शिश्निकेची भर घाला.

साफ करायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. स्पिरिट, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलात तर रंग जातो आणि पीव्हीसी चिकट होतं. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवलेली मॉडेलं वाकतात आणि एकावर एक ठेवली तर एकमेकांना चिकटतात, म्हणून मध्ये सुती कापड घाला. प्लास्टरचं मॉडेल पावसाळ्यात ओल धरतं. पीव्हीसी थोडं महाग पडतं, तरीही तेच घ्या.

जूनमध्ये पुस्तकांच्या गर्दीत अप्पा बळवंत चौकात दुकानदाराला पाच मिनिटं मिळत नाहीत. जुलैनंतर किंवा मार्चच्या आधी गेलात तर मॉडेलं निवांत मोजता येतात. खोकं दुचाकीवर मावत नाही, रिक्षा करावी लागते. काही दुकानं संच फोडून श्रोणीची दोन मॉडेलं वेगळी देतात, आधी तेच विचारा. शाळेच्या नावे पक्कं बिल घ्या आणि बदलून देण्याची मुदत त्यावर हाताने लिहून घ्या. नर्सिंग महाविद्यालयांनी हा संच न घेता मूत्रवाहिनी, रक्तवाहिन्या आणि श्रोणीतळाचे स्नायू असलेलं, सुटे भाग निघणारं मॉडेल मागवावं. मासिक पाळीच्या कार्यशाळा घेणाऱ्यांना तर फक्त स्त्रीच्या श्रोणीचं मॉडेल, वेगळी केलेली शिश्निका आणि तो घरी काढलेला, कात्रीने लांब-आखूड होणारा आलेख एवढंच पुरतं.